ओलाईच्या काठचे पाणकणीस

फार पूर्वी अश्मक देशात सुयाम नावाचा राजा धर्माने राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व पळसवन नावाच्या एका लहानशा गावी चटया विणणाऱ्याच्या घरी जन्मला. आईबापांनी त्याचे नाव नंदिल ठेवले.

पळसवनाच्या उत्तरेला एक ठेंगणी टेकडी होती. तिच्या पायथ्याशी, करंजाच्या मुळ्यांमधून, मनगटाएवढी पाण्याची धार बाहेर येई. तिथून ओलाईचा ओढा सुरू होई. मोठा मुळीच नाही. बाईने लुगडे गुडघ्याच्या वर न घेता ओलांडावा, एवढाच. पण बारा महिने वाहणारा. आधी तो केवड्याच्या बनातून लपतछपत येई, मग एका काळ्या कातळावरून हातभर उडी घेई, खाली म्हशी बसण्याजोगा एक डोह करी, आणि गावाला अर्धा वळसा घालून घाटाच्या पायऱ्यांपाशी जरा निवांत होई. पुढे भाताच्या खाचरांना पाणी देत देत चार कोसांवर गोदावरीला मिळे. उगमापासून शेवटच्या खाचरापर्यंत दोन्ही काठांना पाणकणसाचे दाट, उंच गवत होते. वारा सुटला की त्याची तपकिरी कणसे एकमेकांवर आपटत आणि घरात बसूनही तो आवाज ऐकू येई.

नंदिल त्या पाणकणसाच्या चटया विणी. बापाने त्याला विळा हातात देताना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. पाणकोंबडीची पिल्ले चालू लागेपर्यंत कापायचे नाही. कापायचे ते गुडघ्याइतके ठेवून. आणि काही झाले तरी मूळ उपटायचे नाही. नंदिलने ते पाळले. दरवर्षी कार्तिकात तो उगमाकडून खाली कापीत येई, पौषापर्यंत काठ मोकळे होत, आणि उन्हाळ्यात पुन्हा हिरवे कोंब वर येत. गावातले प्रत्येक बाळ त्याच्या चटईवर उपडे पडायला शिकले होते.

गावच्या ग्रामणीची, म्हणजे गावप्रमुखाची, बायको सुभगा. घरची मोठी, मनाने मऊ, व्रतवैकल्यांत तिच्यासारखी दुसरी नाही. तिला एकुलती एक मुलगी, चंपा नावाची. चार वर्षांची होती. सारा दिवस ती घाटावर खेळे, बेडकांना शेपटी का नाही म्हणून येणाऱ्याजाणाऱ्याला विचारी. एका आश्विनात तिला ताप आला. सहाव्या दिवशी ती गेली.

सुभगा उरलेला आश्विन घराबाहेर पडली नाही. कार्तिकाच्या पहिल्या दिवशी ती पारावर आली. सारे गाव बसले होते. ती उभी राहून म्हणाली, "माझं लेकरू त्या चिखलात खेळायचं. तो सडका पाला, ते शेवाळ, ती डासांची घरं, त्यातूनच ताप आला. मी व्रत घेतलंय. माझं देवघर जसं ठेवते, तशी ओलाई ठेवीन. सोळा आठवडे, रोज सकाळी तोंडात पाणी न घेता एकेक पाटी घाण काढायची. चिखल काढायचा, पाणकणीस मुळासकट काढायचं, काठ सारवायचे. दुसऱ्या कुणाचं लेकरू जायला नको. ज्या बायांना यायचं त्यांनी या."

बायका रडू लागल्या. "आम्ही येऊ माई, आम्ही येऊ," म्हणू लागल्या. त्यांच्याही घरी लेकरे होती.

नंदिल मागच्या बाजूला बसला होता. त्याला उठवेना आणि बसवतही नव्हते. शेवटी तो उठला. "माई, चिखल काढा. पाला काढा. पण मूळ काढू नका. त्या मुळांनी काठ धरलाय. ती मुळं पावसाळ्याचं पाणी पोटात ठेवतात आणि उन्हाळाभर थोडं थोडं सोडतात. मी जन्मभर त्यांच्यात उभा राहिलोय. मुळं गेली तर ओलाई जाईल."

पिंगल नावाचा गवळी मोठ्या तोंडाचा होता. तो म्हणाला, "वा रे वा! चटईवाला म्हणतो पाणकणीस काढू नका. उद्या मीही सांगेन, गाईंना बसायला जागा हवी, तेव्हा तुमची घरं पाडा!"

सगळे हसले. सुभगा हसली नाही. ती हळूच म्हणाली, "नंदिलदादा, तुमचं पोट त्याच्यावर आहे. माझं लेकरू त्याच्यात गेलं. तुम्हीच सांगा, मी कुणाचं ऐकू?"

नंदिल खाली बसला.

घरी त्याची बायको पुष्या वाट पाहत होती. जिभेने तिखट, पण हाताची सढळ. तिने ताटात भाकरी वाढली आणि विचारले, "काय झालं पारावर? सगळ्यांच्या हसण्याचा आवाज इथपर्यंत आला. तुम्ही काही विनोद केलात की काय? तुम्हाला तर तोही येत नाही."

नंदिलने सांगितले. मग म्हणाला, "पुष्ये, माझं बोलणं खोटं नाही. पण ते माझ्या तोंडून आलंय म्हणून खोटं वाटतंय. मी चटया सोडल्या तर?"

"सोडल्या तर आपण काय खायचं? तुमचं खरं बोलणं?"

"लाकडं वाहीन. खाचरात राबेन. पण मग माझा काही फायदा उरणार नाही. मग ऐकतील."

पुष्याने त्याच्याकडे पाहिले. तिला राग आला होता आणि कौतुकही वाटत होते. कुठले जास्त ते तिचे तिलाच कळेना. "भाकरी खा आधी," ती म्हणाली. "सोडायचंच असेल तर भरल्या पोटी सोडा."

दुसऱ्या दिवशी नंदिलने आपला विळा घाटावर नेला. साऱ्या गावादेखत पाण्यात हात बुडवून म्हणाला, "आजपासून ओलाईचं एकही पान मी कापणार नाही. चटई विणणार नाही. आता माझं पोट यात नाही. माई, मला एक वर्ष द्या. एक वर्ष मुळांना हात लावू नका. मग तुम्हीच पाहा."

सुभगा धर्मभीरू बाई. दुसऱ्याने एवढे सोडले, त्याचा मान राखायला हवा असे तिला वाटले. "दिलं," ती म्हणाली. "पुढच्या कार्तिकापर्यंत थांबते."

बोधिसत्त्वाच्या मनाला त्या दिवशी फार बरे वाटले. त्या बरे वाटण्यातच चूक होती. पण ती त्याला तेव्हा दिसली नाही. पारमी, म्हणजे बुद्धपदाकडे नेणारे गुण, पुऱ्या करणाऱ्याच्या वाटेतही असे दिवस येतात.

नंदिल लाकडे वाहू लागला. डोक्याला चुंबळ, हाताला फोड. पुष्या दोन घरची दळणे करू लागली. भाकरी अर्धी झाली, पण त्याचे मन खंबीर होते. आणि इकडे ओलाईच्या काठी, कित्येक पिढ्यांत पहिल्यांदाच, कार्तिक गेला आणि पाणकणीस कापलेच नाही.

पौषात ते पुरुषभर उंच झाले. माघात जुनी पाने पिवळी होऊन पाण्यात आडवी पडली. त्यांच्यावर दुसरी पडली. पाणी अडले, साचले, काळे पडले. फाल्गुनात घाटाच्या पायऱ्यांपाशी दुर्गंधी येऊ लागली. चैत्रात डासांचे ढग उठले. म्हशींनी डोह सोडला. वैशाखात गावातली दोन मुले तापाने फणफणली. ती वाचली, पण त्यांच्या आया सुभगेच्या अंगणात येऊन बसल्या.

नंदिल रोज काठावर जाऊन उभा राही. त्याचे हात शिवशिवत. कुठले कापायचे, कुठले ठेवायचे, सारे त्याला दिसत होते. घाटापुरते तर दहा दिवसांचे काम होते. मग त्याला उमगले, आणि उमगल्यावर तो तिथेच ओल्या मातीत बसला. मूळ ठेवून वरचे कापायचे, ही दोन्ही मिळून एकच रीत होती. बापाने सांगितलेली एक गोष्ट वाचवायला त्याने दुसरी सोडून दिली होती.

तो धावत सुभगेकडे गेला. "माई, माझी चूक झाली. पाणकणीस दरसाल कापायलाच हवं. न कापल्यानं हे झालंय. मला शब्दातून मोकळं करा. चटया मी विणत नाही, कापलेलं सारं जाळून टाकतो, पण मला कापू द्या."

पिंगल दुधाचा हंडा घेऊन दारातच उभा होता. "घ्या!" तो म्हणाला. "कापायचं नाही म्हणून पाण्यात हात बुडवला, आता कापायचं म्हणून पाया पडतोय. वर्षही नाही सरलं, विळ्याची आठवण आली!"

सुभगेचा चेहरा थकलेला होता. "दादा," ती म्हणाली, "तुम्ही वर्ष मागितलं, मी दिलं. म्हणालात, तुम्हीच पाहा. पाहिलं. दोन लेकरं मरता मरता वाचली. आता तुमचं पोटही त्यावर नाही, म्हणजे काढल्यानं तुमचं काही बुडतही नाही. मला आता अडवू नका हो."

नंदिलने ज्या शब्दांसाठी पोटाचा धंदा सोडला होता, ते शब्दच त्या सोडण्याने रिकामे झाले. तो घरी आला. त्याने आणि पुष्याने त्या दिवशी चूल पेटवली नाही.

कार्तिक आला. व्रत सुरू झाले.

पहाटेच्या थंडीत बायका पाण्यात उतरत. ओठ निळे पडत, पण पाटी भरल्याशिवाय कुणी वर येत नसे. मुळे सहज निघत नसत. ती एकमेकींत बोटे गुंतवावी तशी गुंतलेली होती. तिघीचौघी मिळून एक गड्डा ओढत आणि तो निघाला की मागे खळगा राही, त्यात गढूळ पाणी फिरे. एक दिवस पुष्याही गेली. संध्याकाळी नवऱ्याला म्हणाली, "रागावू नका. सगळ्या जातात, मी एकटी किती दिवस दार लावून बसू? एकच पाटी काढली." नंदिल रागावला नाही. त्याने तिचे गारठलेले पाय आपल्या पंच्याने पुसले.

सोळाव्या आठवड्यात त्या उगमाशी पोचल्या. तिथे केवड्याच्या बनात पाणकणसाची शेवटची बेटे उरली होती. नंदिल तिथे येऊन उभा राहिला. त्याला वाटले होते की आडवे व्हावे, हात जोडावेत, निदान ओरडावे तरी. पण सुभगा पुढे आली, तिने मुळांना हात घातला, आणि त्याला दिसले की ती रडत होती. प्रत्येक गड्डा उपटताना ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती, "चंपे, हे तुझ्यासाठी. चंपे, हेही." नंदिल बाजूला झाला.

माघ सरता सरता उद्यापन झाले. आणि खरे सांगायचे तर ओलाई इतकी देखणी कधीच दिसली नव्हती. काठ शेणाने सारवलेले, त्यांवर पांढऱ्या खड्यांच्या ओळी, पायऱ्या घासून लख्ख, आणि पाणी असे नितळ की तळाची वाळू मोजावी. बायकांनी दोन्ही काठांना रांगोळ्या घातल्या. दूरच्या गावांहून लोक बघायला आले. त्या उन्हाळ्यात तर पाणीही एरवीपेक्षा जास्त वाटले, कारण ते प्यायला पाणकणीस नव्हते. डास नव्हते. एकही मूल तापले नाही. सुभगा घाटावर बसून पाण्याकडे पाहत राही, आणि कित्येक महिन्यांनी तिच्या तोंडावर हसू आले.

मग आषाढ आला.

टेकडीवरचा लोंढा दरसाल येई तसाच आला. पण या वेळी त्याला धरायला कुणी नव्हते. सारवलेले काठ पहिल्याच दिवशी विरघळले. दुसऱ्या दिवशी केवडा गेला. चौथ्या दिवशी काठची खाचरे ढासळली, उभ्या रोपांसकट. पाणी नुसते खालीच धावत नव्हते, ते तळ खरवडीत होते. पाऊस ओसरल्यावर लोकांनी पाहिले तर ओढा पुरुषभर खोल गेलेला, आणि तळाला वाळूही नाही, नुसते गोटे. म्हशींचा डोह गाळाने भरून गेला होता. करंज कडेला आडवा पडला होता आणि उगमाची धार त्याच्या मुळ्यांतून न येता खाली कुठेतरी गोट्यांत जिरत होती.

त्या वर्षी ओलाई माघातच आटली. पुढच्या वर्षी पौषात. त्याच्या पुढच्या वर्षी पाऊस संपला आणि पंधरा दिवसांत दगड तापू लागले. आधी मासे गेले. मग खंड्या यायचा थांबला. पाणकोंबडी एक दिवस कोरड्या तळातून चालत गेली आणि पुन्हा दिसली नाही. विहिरींचे पाणी दोराच्या खाली गेले. बायका कोस कोस चालू लागल्या. चालताना ज्या एकमेकींना हात देत, त्याच आता एक नाव घेऊन बोटे मोडू लागल्या. "आपण काय, पाटी उचलली इतकंच. डोकं तिचं. तिनं ओलाई खाल्ली." सुभगा पाणवठ्यावर आली की बाकीच्या हंडे घेऊन मागे सरत.

पुष्या नवऱ्याला म्हणे, "एकदा तरी जाऊन सांगा सगळ्यांना. तुम्ही म्हणाला होतात ते. मोठ्यानं सांगा. माझ्या जिवाला तेवढाच थंडावा."

"कसला थंडावा, पुष्ये? पाणी येईल का त्यानं?"

"पाणी नाही येणार. पण तो पिंगल तरी गप्प बसेल."

नंदिल गेला नाही.

पाचव्या वर्षी राजाने गोदावरीच्या काठी पळसवनाच्या लोकांना नवी जमीन दिली. गाव उठायचे ठरले. सारे पारावर जमले. गाड्या भरलेल्या होत्या. पिंगल पुढे झाला. आता त्याच्याकडे दोनच गाई उरल्या होत्या. तो म्हणाला, "एक गोष्ट आत्ताच ठरू द्या. ही बाई आमच्याबरोबर नको. जिथं जाईल तिथलं पाणी आटवील."

कुणीही नाही म्हटले नाही. ग्रामणी मान खाली घालून बसला होता. सुभगा एका बाजूला उभी होती, हातात एक लहान गाठोडे.

मग पिंगल नंदिलकडे वळला आणि त्याने दोन्ही हात जोडले. "नंदिलदादा, तुला हसलो. मीच जास्त हसलो. तू एकटा खरा निघालास. नव्या गावी काठावरची पहिली जागा तुझी. कोसभर पाणकणीस आहे तिथं, ते सारं तुझ्या नावचं. आणि आज तुझा शब्द शेवटचा. सांग, हिचं काय करायचं?"

साऱ्या गावाचे डोळे नंदिलवर होते. पुष्याचेही. एवढी वर्षे लाकडे वाहून त्याचे खांदे वाकले होते. एक शब्द बोलायचा, की मान आणि भाकरी दोन्ही परत मिळणार होत्या. आणि तो शब्द खोटाही नव्हता.

नंदिल उभा राहिला. म्हणाला, "मी खरा नव्हतो. माईंनी मला वर्ष दिलं होतं. त्या वर्षात ओलाई कुणी सडवली? मी. कापण्याची रीत माझ्या घरची, दुसऱ्या कुणाला ती ठाऊक नव्हती. ते वर्ष गप गुमान कापत राहिलो असतो, तर काठ स्वच्छ राहिले असते आणि मुळंही राहिली असती. पण तुम्ही मला हसलात आणि मला ते लागलं. मला ओढा वाचवायचा होता, पण त्याहून जास्त, तुम्ही मला खरं म्हणावं असं वाटत होतं. म्हणून विळा ठेवला. माईंनी निदान दुसऱ्यांच्या लेकरांसाठी केलं. शिक्षा द्यायची तर आधी मला."

लोक चमकले. मग चिडले. त्यांना ज्याच्या मोठेपणाचा आधार हवा होता, तो हातचा निसटला होता. पिंगल म्हणाला, "जागा देतोय आणि हा अंगाला चिखल लावून घेतोय! मग राहा इथंच, तिच्याबरोबर."

"राहतो," नंदिल म्हणाला.

गाड्या निघाल्या. गावाबरोबर जाणे हे ग्रामणीचे काम, म्हणून तो गेला. वेशीपर्यंत तीनदा थांबला, पण वळला नाही. धूळ खाली बसली तेव्हा पळसवनात तीनच माणसे उरली होती. पुष्या पदर खोचून म्हणाली, "चला. आता भांडायला शेजारीणही उरली नाही. सुभगे, तुझ्यामाझ्यातच भागवू या. चूल माझ्याकडेच मांड, दोन चुली पेटवायला लाकडं कुणाच्या बापाची आहेत?"

सुभगा पायरीवर बसली होती, जिथे एके काळी पाणी लागे. ती नंदिलला म्हणाली, "दादा, सगळे मला बोलले. तुम्ही एकट्यानंच नाही. त्याचंच ओझं होतंय. आज तरी बोला. म्हणा, सांगितलं होतं म्हणून."

नंदिल तिच्या खालच्या पायरीवर बसला. तो म्हणाला, "माई, उद्यापनाच्या दिवशी ओलाई फार सुंदर दिसत होती. मी केवड्याआड उभा राहून बघत होतो. मनात म्हटलं, चंपा असती तर इथून उठलीच नसती."

सुभगेने पदर तोंडाला लावला. पाच वर्षांत तिच्या लेकीचे नाव दुसऱ्या कुणी घेतले नव्हते.

त्यानंतर तिघांनी केले ते एवढेच. ओढ्याच्या कोरड्या तळात एक झिरा खणला. दिवसाला एक हंडा पाणी त्यात जमे. त्यावर ते जगले. दर पावसाळ्याआधी चार कोस चालत गोदावरीवर जात, ओल्या फडक्यात पाणकणसाची मुळे बांधून आणीत, गोट्यांचे लहान लहान बांध रचीत आणि मागे साचलेल्या मूठभर गाळात ती लावीत. नव्या गावाच्या बायका सुभगेला पाहून आत जात. पिंगल काठावरून ओरडे, "न्या, न्या! दगडाला पालवी फुटली की सांगा!" पण मुळे नेऊ देई.

शंभर मुळे लावली तर लोंढ्यात नव्वद जात. उरलेली दहा चैत्राच्या उन्हात वाळत. पुढच्या साली पुन्हा शंभर. असे एक वर्ष नाही, दोन नाही, अकरा वर्षे चालले. ओलाई वाहिली नाही. काठावर एकही कणीस दिसले नाही. पुष्या कधीकधी म्हणे, "आपण करतोय हे वेड आहे का हो?" आणि नंदिल म्हणे, "असेल." आणि दोघे पुन्हा दगड उचलीत.

बाराव्या वर्षी चैत्रात नंदिल अंथरुणाला खिळला. त्याला उठता येईना. सुभगा रोज सकाळी वरच्या बांधापर्यंत जाऊन येई. एका सकाळी ती परतली तेव्हा त्याने नुसते डोळ्यांनी विचारले.

"पाणी नाही, दादा," ती म्हणाली. तिला खोटे बोलता येत नसे. "पण गाळात बोट घातलं. बोट ओलं झालं नाही, पण वर काढलं तेव्हा काळं होतं. माती चिकटली होती. चैत्रात चिकटली."

नंदिलने तिचा हात जवळ घेऊन ते बोट पाहिले. बराच वेळ पाहिले. मग पुष्याला म्हणाला, "मुळं आणायला या साली लवकर जा." एवढे बोलून त्याने डोळे मिटले, ते पुन्हा उघडले नाहीत.

दोघी बायका त्या साली लवकर गेल्या.

ही कथा पुढे बुद्धपद पावलेल्या शास्त्यांनी विहारात सांगितली, ती एका भिक्षूसाठी. वासुला नावाच्या उपासिकेने भिक्षूंसाठी सखल जागी एक पर्णकुटी बांधली होती. इथे बांधू नका, असे त्या भिक्षूने तिला सांगितले होते. पावसात कुटी वाहून गेली. तेव्हापासून ती दिसली की तो म्हणे, "मी सांगितलं नव्हतं?" होता होता तिने विहारात येणेच सोडले. हे कळल्यावर शास्त्यांनी तिला बोलावून आणवले, दोघांना समोर बसवले आणि ओलाईची गोष्ट सांगितली.

कथा संपवून ते म्हणाले, "त्या जन्मी पिंगल गवळी होता तो आजचा हा भिक्षू. पुष्या ती आज आपल्यात बसलेली भिक्षुणी उत्पलिका, तिची जीभ अजून तशीच आहे. सुभगा म्हणजे ही उपासिका वासुला. आणि चटई विणणारा नंदिल तो मीच होतो. आपले बोलणे खरे ठरावे याची हाव मी त्या जन्मी आधी धरली. खरे ठरल्यावर समोरच्याला न टोचणे आणि त्याच्या ओझ्याखाली आपलाही खांदा देणे, ही क्षांतीची, म्हणजे सहनशीलतेची, पारमी मी ओलाईच्या कोरड्या तळात शिकलो."

भिक्षू उठला. वासुलेजवळ गेला आणि तिला म्हणाला, "ताई, नवी कुटी कुठं बांधायची ते तुम्ही दाखवा. माती मी वाहीन."